थोड्या खर्चांत कॅमेऱ्याची निवड

कोणतेंहि साधन विकत घेण्यापूर्वीं त्यापासून कोणतें काम करून घ्यावयाचें आहे हें ठरविणें, हा सुज्ञ गृहस्थाचा मार्ग होय. नांगर घेणारा शेतकरी आधीं जमीन पाहतो, आणि छिन्नी घेणारा सुतार आधीं लांकूड पाहतो. कॅमेऱ्याच्या बाबतींत मात्र कित्येक विद्यार्थी हा क्रम उलटा करतात. इंटरनेटवर आपलीं चलच्चित्रें, म्हणजे व्हिडिओ, प्रसिद्ध करावे अशी इच्छा मनांत आली कीं, लागलीच त्यांची दृष्टि महागड्या कॅमेऱ्याकडे जाते, आणि घरांत हप्त्यांची गोष्ट निघते. सातपूरसारख्या कारखान्यांच्या वस्तींत महिन्याचा पगार पुरवून पुरवून खर्च करणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांचा पैसा वायां जाऊं नये, आणि मुलांचा उत्साहहि मावळूं नये, म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सातपूरवरून जाणारा रस्ता त्र्यंबकेश्वरास पोंचतो. त्याच क्षेत्रीं ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांचा जन्म झाला. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ सालीं लंडनला गेले व विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. परंतु त्यापूर्वीं त्यांनीं एक छोटें काम पुरें केलें होतें. एका कुंडींत वाटाणे पेरून, ठराविक अंतरानें एकेक चित्र घेत, त्यांनीं ‘अंकुराची वाढ’ नांवाचा चिमुकला चित्रपट तयार केला. आणि तो पाहूनच भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. मोठा खर्च मागण्याआधीं लहान काम करून दाखविणें, हा धडा त्यापासून घेण्याजोगा आहे.

दुसरें उदाहरण कोल्हापूरचें. बाबूराव पेंटर यांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ च्या सुमारास कॅमेरा स्वतःच घडविला, आणि त्यावर काढलेला ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० सालीं प्रसिद्ध झाला. लेथवर काम करणाऱ्या आमच्या पालकांस ह्याचें विशेष कौतुक वाटेल.

आतां आपल्या कामाकडे वळूं. प्रथम पाहावयाचें तें घरांतील मोबाइलकडे. अलीकडच्या बहुतेक मोबाइलमध्यें १९२० × १०८० बिंदूंचें चित्र घेण्याची सोय असते, व शिकवणी, पाककृति, चित्रकला किंवा शास्त्रीय प्रयोग दाखविण्यास तें पुरेसें होतें. मात्र तो नीट वापरला पाहिजे. भिंग मऊ कापडानें पुसावें. मागील बाजूचा कॅमेरा बहुधा पुढच्यापेक्षां चांगला असतो. म्हणून तोच वापरावा. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीशीं न ठेवतां तोंडासमोर किंवा बाजूस ठेवावी. मोबाइल हातांत न धरतां तिवईवर, किंवा पुस्तकांच्या चवडीला टेकून, स्थिर ठेवावा. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें कित्येक दिवे सेकंदास १०० वेळां कमीजास्त होतात, व चित्रांत पट्टे दिसतात. उघडझापेचा काल १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला कीं हा दोष बहुधा जातो.

दादासाहेबांचा प्रयोगहि आज घरीं करतां येईल. दर ५ मिनिटांस एक चित्र घेतलें, तर दिवसाचीं २८८ व ५ दिवसांचीं १४४० चित्रें होतात. सेकंदास २५ ह्या वेगानें तीं दाखविल्यास ५७.६ सेकंदांचा चित्रपट तयार होतो. ह्या कामीं पैशापेक्षां चिकाटीच अधिक लागते. कुंडी व मोबाइल हालतां कामा नयेत, आणि उजेड सारखा असावा, एवढेंच पथ्य.

दुसरी गोष्ट आवाजाची. अस्पष्ट चित्र प्रेक्षक थोडा वेळ सहन करतो. न समजणारें बोलणें मात्र तो लगेच बंद करतो. आवाज दुरून येत असेल तर महाग कॅमेराहि उपयोगी पडत नाहीं. मायक्रोफोनचें अंतर निम्मे केलें कीं बोलण्याची थेट येणारी शक्ति चौपट होते. म्हणून सदऱ्यास अडकविण्याचा साधा मायक्रोफोन ही पहिली खरेदी असावी. मोकळ्या खोलींत आवाज घुमतो. भिंतीवर गोधडी टांगल्यास तो पुष्कळ कमी होतो.

इतकें करूनहि उणीव राहिली, तरच निराळा कॅमेरा पाहावा. दुकानांत पुढील गोष्टी विचाराव्या. सेन्सर केवढा आहे? सेन्सर व भिंगाचें छिद्र मोठें असेल तर अंधुक उजेडांत काम सुकर होतें. एफ ४ च्या मानानें एफ २ ह्या छिद्रांतून चौपट उजेड येतो. बाहेरील मायक्रोफोन जोडतां येतो काय? एकट्यानेंच काम करावयाचें असेल तर पडदा पुढें वळतो काय? चित्रण मध्येंच कांहीं मिनिटांनीं बंद पडतें काय? भिंग किंमतींत धरलें आहे, कीं निराळें घ्यावें लागेल? फोर-के ह्या शब्दास भुलूं नये. त्यांत बिंदु चौपट असतात खरे. पण कार्ड लौकर भरतें, आणि जुन्या संगणकावर तें संपादन करणें जड जातें.

वापरलेला कॅमेरा घेण्यांत कमीपणा नाहीं. सावधगिरी मात्र हवी. नाशिकच्या पावसाळ्यांत ओलाव्यामुळें भिंगाच्या आंत बुरशी धरते. भिंगांतून विजेरीचा उजेड पाडून पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसल्यास तो नाकारावा. अर्धा तास चित्रण करून बॅटरी व उष्णता पाहावी, आणि मूळ पावतीवरील क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशीं ताडून घ्यावा. घरीं आणल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घालून तो घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावा.

रकमेची वांटणी कशी करावी? आमच्या मतें तिचे १० भाग कल्पावे. ६ भाग कॅमेरा व भिंग यांस, २ भाग मायक्रोफोनास, १ भाग तिवई व दिवा यांस, आणि १ भाग कार्ड व जादा बॅटरी यांस ठेवावा. सर्वच्या सर्व पैसे कॅमेऱ्यावर खर्चिणारा मुलगा पुढें कार्डासाठीं पुन्हां घरीं हात पसरतो.

आणखी एक सांगावेंसें वाटतें. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याची परवानगी आधीं घ्यावी, व कारखान्यांत मालकाच्या अनुमतीवांचून कॅमेरा उघडूं नये.

विद्यार्थ्यांनीं घरच्या मोबाइलवर प्रथम ५ व्हिडिओ पुरे करावे, आणि प्रत्येकांत काय उणें पडलें तें वहींत लिहून ठेवावें. उजेड उणा पडला असेल तर दिवा घ्यावा. आवाज उणा पडला असेल तर मायक्रोफोन घ्यावा. आणि पांचहि वेळां कॅमेराच उणा पडला असेल, तर ती वही पालकांपुढें ठेवावी. पालकांनींहि ती वाचल्याशिवाय ‘हो’ किंवा ‘नाहीं’ म्हणूं नये, अशी आमची त्यांस विनंति आहे.