ऊन, पुडी आणि हाडं

नाशिकमध्ये फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवताना एक वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते : "मॅडम, माझं कॅल्शियम कमी झालंय." कॅल्शियम तपासलेलं नसतं. टाचा दुखतात, कंबर धरते, जिना चढताना मांड्या भरून येतात, खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, या सगळ्याला घराघरांत मिळालेलं ते नाव आहे. अलीकडे त्याच्या जोडीला "डी कमी आलंय" हे वाक्य आलं आणि दुधातून घ्यायची पुडीही आली. ऊन, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्याबद्दल रुग्णांनी मला जे शिकवलं, ते इथे क्रमाने मांडते.

१. रक्तातलं कॅल्शियम बरोबर आलं, म्हणून हाडं बरी आहेत असं समजू नये.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात असतो तो उरलेला किंचितसा अंश. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आखडणं-सैलावणं, नसांमधले संदेश हे सगळं त्या अंशावर चालतं. म्हणून शरीर रक्तातली पातळी साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात काहीही करून टिकवतं. गळ्यात थायरॉइडच्या मागे पॅराथायरॉइडच्या चार चिमुकल्या ग्रंथी असतात. कॅल्शियम जरा उतरलं की त्या आपला हार्मोन सोडतात आणि हाडांमधून कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. घरातलं सोनं मोडून किराणा भरावा, तसा हा व्यवहार. रोजचा स्वयंपाक होतो, पाहुण्याला काही कळत नाही, डबा मात्र रिकामा होत जातो.

ही वेळ का येते? पोटात गेलेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढून घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं. ते पुरेसं असेल तर जेवणातलं ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषलं जातं. नसेल तर १० ते १५ टक्केच. म्हणजे दूध पिऊनही उपाशी राहिल्यासारखं. म्हणून नुसत्या 'सीरम कॅल्शियम'च्या आकड्यावर मी कुणाला निश्चिंत करत नाही. शंका असेल तर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि गरज पडली तर पॅराथायरॉइड हार्मोन पाहते. हाडांची घनता हा आणखी वेगळा प्रश्न. त्यासाठी डेक्सा स्कॅन आहे.

२. चांगलं खाणाऱ्या घरातही हाडं मऊ होतात. हे माझ्याच गावात शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे.

मुडदूस, म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकण्याचा आजार, कशाने होतो याचा शोध पहिल्या महायुद्धानंतर जगभर चालू होता. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून मुडदूस झालेली मुलं बरी करून दाखवली. त्याच सुमारास लंडनमध्ये मेलनबी आहारातलं कारण शोधत होते, आणि कॉडलिव्हर तेलानेही मुलं बरी होत होती. कारण आहार की ऊन, हा वाद रंगला. त्या वादातला एक मोठा पुरावा नाशिकमधून गेला. हचिसन आणि शहा यांचा इथला अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरीब माणसांचं जेवण निकृष्ट होतं, पण त्यांच्यात हा आजार दिसत नव्हता. तो दिसत होता तो पडदा पाळणाऱ्या, बऱ्या खात्यापित्या घरांत, मुसलमान आणि वरच्या वर्गातल्या हिंदू दोन्हींकडे. अन्न चांगलं होतं, पण कातडीत ड जीवनसत्त्व बनवायला लागणारं ऊन नव्हतं.

हा अभ्यास नाशिककरांना सहसा ठाऊक नसतो याची मला खंत वाटते, कारण तो आज पुन्हा आपल्या घरांत घडतो आहे. पडद्याची जागा आता दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे. मूल व्हॅनमधून शाळेत जातं, शाळेतून क्लासला, क्लासमधून घरी. नोकरदार बाई तळघरातल्या पार्किंगमधून गाडी काढते आणि ऑफिसच्या तळघरात लावते. स्कूटीवरच्या मुली सनकोट, हातमोजे आणि डोळ्यांपुरता उघडा स्कार्फ बांधून निघतात. २००० साली दिल्लीत झालेल्या एका अभ्यासात सैनिकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व डॉक्टर आणि नर्सेसपेक्षा जास्त सापडलं. उन्हाचं महत्त्व सांगणारा आमचा पेशाच दिवसभर ट्यूबलाइटखाली असतो. २००२ मध्ये दिल्लीतलाच आणखी एक अभ्यास आला. प्रदूषित मोरी गेट भागातल्या बाळांमध्ये ड जीवनसत्त्व कमी होतं, आणि तेव्हाच्या मोकळ्या गुडगावातल्या बाळांमध्ये बरं होतं. धुराने माखलेली हवा उन्हातले अतिनील किरण वरच्यावर अडवते.

३. कोवळं ऊन सुखद असतं, पण ड जीवनसत्त्वासाठी ते पुरत नाही.

माझ्या रुग्णांना मान्य करायला सगळ्यात जड जातं ते हे. आजीने सांगितलेलं, आईने पाळलेलं सकाळचं कोवळं ऊन! ते घ्या, मन प्रसन्न होतं, झोप सुधारते. पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरातच अडकतात. सूर्य वर आला की ते पोचतात. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाचं ऊन उपयोगाचं. आपल्याकडे ढोबळमानाने ते सकाळी अकरा ते दुपारी दोन. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे बंद काचेमागे सोफ्यावर बसून घेतलेलं ऊन फक्त ऊब देतं.

किती वेळ, याचं सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि सत्तरीच्या माणसाची कातडी तरुणाच्या मानाने फारच कमी ड जीवनसत्त्व बनवते. मी सांगते ते इतकंच : हात, पाय, जमेल तेवढी पाठ उघडी ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा वीस-पंचवीस मिनिटं, कातडी लाल होण्याच्या आत परत सावलीत. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी म्हाताऱ्या माणसांना गच्चीवर बसवू नका, उष्माघात त्याहून वाईट. उन्हाने पुरळ उठत असेल किंवा ल्युपससारखा आजार असेल, तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही.

उन्हाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. उन्हातून ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. गरजेपुरतं झालं की कातडी पुढचं स्वतःच निकामी करून टाकते. पुडीला ही अक्कल नसते.

४. पुडीला सुरुवातीची तारीख असते तशी शेवटचीही असली पाहिजे.

आपल्याकडची नेहमीची पुडी किंवा कॅप्सूल ६०,००० युनिटची असते. कमतरता ठरली की आठवड्याला एक, असे साधारण आठ आठवडे, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा कमी डोस. मोठ्या माणसाची रोजची गरज भारतीय मानकांनुसार ६०० युनिट, साठीपुढे ८००. हे आकडे शेजारी ठेवून पाहा : एका पुडीत तीन महिन्यांची गरज भरलेली आहे.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंना त्यांच्या सुनेने माझ्याकडे आणलं ते "सासूबाईंना विसरायला होतंय, काहीबाही बोलतात" म्हणून. खूप तहान, सारखी लघवी, घट्ट बद्धकोष्ठ, जेवणावरची वासना गेलेली. घरच्यांनी वय झालं असं धरलं होतं. मी औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला सांगितली. गुडघ्यांसाठी एका ठिकाणाहून मोठ्या डोसची इंजेक्शनं, दुसरीकडून आठवड्याची पुडी, शिवाय शेजारणीच्या सांगण्यावरून पुडी रोज, आणि कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर होतं. रुग्णालयात ठेवून सलाइन द्यावं लागलं, सगळ्या गोळ्या बंद झाल्या. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं आणि महिनोन्‌महिने झिरपत राहतं, त्यामुळे पातळी उतरायला फार वेळ गेला. बाई सावरल्या, त्यांची स्मरणशक्तीही परत आली. त्यांच्या मूत्रपिंडांची मात्र मला अजून काळजी वाटते.

एकदाच भरपूर देऊन मोकळं होण्याची कल्पनाही टिकलेली नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले. २०१० मध्ये निष्कर्ष आला : त्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार, क्षय किंवा सार्कॉइडोसिस असणाऱ्यांनी तर पुडी स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये.

५. आकड्यामागे धावू नका.

रक्तातलं ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता, हे बहुतेकांना मान्य आहे. २० ते ३० या पट्ट्याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये ३० चा आकडा धरला होता, २०२४ च्या मार्गदर्शनात तो सोडून दिला आणि धडधाकट माणसांची सरसकट तपासणीही नको म्हटलं. २०२२ मध्ये 'व्हायटल' या चाचणीचा हाडांबद्दलचा निकाल आला. अमेरिकेतल्या २५ हजारांहून अधिक माणसांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट दिले होते. कमतरता पाहून निवडलेली ही माणसं नव्हती, आणि त्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण गोळीने घटलं नाही. माझं मत स्पष्ट आहे : ज्याला कमी आहे त्याला ड जीवनसत्त्व खरोखर नवं आयुष्य देतं, ज्याला पुरेसं आहे त्याला जास्त देऊन काही मिळत नाही. पॅकेजमधल्या तपासणीत २६ आलं म्हणून घाबरून येणाऱ्या तरुणाला मी रोज बाहेर पडून खेळायला सांगते. मांड्यांत जोर नसलेली, बुरख्यात किंवा घरात राहणारी, पाठोपाठ दोन बाळंतपणं झालेली बाई आली, तर तिच्याकडे मात्र दुर्लक्ष करत नाही.

६. कॅल्शियम आधी ताटात शोधा.

मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम असतं. चहातलं दूध यात धरू नका, ते दोन-चार चमचेच असतं. दूध आधी मुलांना, मग पुरुषांना, आणि बाईच्या वाट्याला भांडं विसळलेलं, ही आपल्या घरांतली रीत मी अजून पाहते आणि मला तिचा राग येतो. कंबर तिचीच वाकते.

आमच्या पश्चिमेकडच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात नाचणीला नागली म्हणतात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ-गव्हाच्या कितीतरी पट. शहरातल्या घरांत ती पापडापुरती उरली आहे. भाकरीत, आंबिलीत परत आणा. न सोललेले तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा, दही, आणि खाणाऱ्यांसाठी काट्यासकट खायची मांदेली, सुकट हे सगळं उत्तम. पालकात कॅल्शियम दिसतं, पण त्यातलं ऑक्झलेट ते अडकवून ठेवतं. दुधाच्या पिशवीवर किंवा तेलाच्या पुड्यावर 'एफ' आणि अधिकचं चिन्ह असेल, तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व वरून घातलेलं आहे. ते घ्यावं.

७. गोळी घ्यायचीच तर वेळ पाळा.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, सायट्रेट केव्हाही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून जास्त नको. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. ड जीवनसत्त्व तेलातुपात विरघळणारं आहे, ते रिकाम्या पोटी न घेता जेवल्यावर घ्या.

८. परदेशातल्या आपल्या माणसांना उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यात पुरत नाही.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की यूव्हीबी मिळतच नाहीत. म्हणून तिथलं सरकार सगळ्यांनाच त्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्यायला सांगतं, आणि सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर विचार करावा म्हणतं. माझी भाची लीड्सला आहे, तिला मी हेच सांगते. भारतातून नेलेली ६०,००० ची पुडी आणि तिथली रोजची गोळी दोन्ही एकदम नको.

९. हाडं एकदा ठिसूळ झाली की एकट्या पुडीवर भागत नाही.

डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर हाडांची वेगळी औषधं लागतात. ती टाळून वर्षानुवर्षं फक्त कॅल्शियम-डी घेत राहिलेल्या आजी खुबा मोडून येतात तेव्हा वाईट वाटतं. चालणं, वजन पेलणारे व्यायाम, बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्री पॅसेजमध्ये दिवा, यांची किंमत औषधाइतकीच आहे.

घरात कुणी पुडी घेत असेल, तर आज चिठ्ठी काढून बघा. किती आठवडे घ्यायची, शेवटची कधी, पुन्हा तपासणी केव्हा, हे त्यावर लिहिलेलं नसेल, तर पुढची पुडी फोडण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि तारीख लिहून घ्या.