घर की भट्टी?

कोपर हे आमचे गाव. ठाणे जिल्ह्यात, दिवा आणि डोंबिवली या स्टेशनांच्या मधले. पूर्वी येथे कौलारू घरे पुष्कळ होती. आता स्लॅबची घरे आणि उंच इमारती झाल्या आहेत.

आमचेही घर कौलारू होते. भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या आणि त्यांवर शेणामातीचे लिंपण. पुढे पडवी. नोकरी संपल्यावर आम्ही ते घर पाडले आणि स्लॅबचे बांधले. गवंडी म्हणाला, "गुरुजी, पश्चिमेला मोठी काच बसवा. शोभा येईल." आम्ही हो म्हटले.

पहिला मे महिना आला. रात्रीचे बारा वाजले तरी आमच्या आईला झोप येईना. एके रात्री तिला घेरी आली. तिला पाणी पाजले, अंगणात बाजेवर निजवले, तेव्हा कुठे बरे वाटले. ती म्हणाली, "अरे, घर बांधलंस की वीटभट्टी लावलीस?"

आम्ही जन्मभर मुलांना शिकवले. पण आईच्या या प्रश्नाने आमची मान खाली गेली.

मुलगा म्हणाला, "बाबा, ए.सी. बसवू या." आम्ही आधी हिशेब मांडला. दीड टनाचा ए.सी. तासाला साधारण दीड युनिट वीज खातो. रोज 8 तास चालवला तर 12 युनिट. महिन्याचे झाले 360 युनिट! साधा पंखा 75 वॉटचा असतो. तो 8 तासांत फक्त अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज घेतो. पेन्शनीत ए.सी. कसा परवडावा?

मग आम्ही विचार केला. जुने घर थंड का होते? कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. पडवीमुळे भिंतीवर ऊन पडत नसे. नव्या घराचे उलट झाले. मेच्या मध्याला कोपरला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खाली सोडतो. दुपारनंतर पश्चिमेच्या काचेतून ऊन थेट घरात शिरते.

म्हणजे दोष घराच्या रचनेत होता. ही गोष्ट थंड देशांतल्या लोकांनाही कळली आहे. जर्मनीत डार्मश्टाट नावाचे शहर आहे. तेथे हिवाळ्यात घर गरम ठेवायला फार इंधन लागते. 1991 साली तेथे चार कुटुंबे नव्या तऱ्हेच्या घरांत राहायला गेली. त्या घरांच्या भिंतींना आणि छपराला ऊब अडवणारा जाड थर होता. खिडक्यांना तीन-तीन काचा होत्या. फटी बुजवल्या होत्या. नेहमीच्या घराच्या साधारण दहाव्या भागाइतक्या इंधनात ती घरे उबदार राहिली.

त्यांना ऊब आत ठेवायची असते. आपल्याला ती बाहेर ठेवायची आहे. पण धडा एकच. आधी घर नीट करा, मग यंत्राचे पाहा.

आम्ही पुढील गोष्टी केल्या.

1. स्लॅबला वरून पांढरा चुना दिला. पांढरा रंग ऊन परतवतो. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी पाऊस सरल्यावर नवा देतो. पैसे असतील तर पांढऱ्या लाद्यांचे तुकडे बसवावेत. ते पुष्कळ वर्षे टिकतात.

2. पश्चिमेच्या काचेबाहेर बांबूचा तट्ट्या लावला. पुढे मांडव घालून तोंडलीचा वेल चढवला. ऊन काचेच्या बाहेरच अडवावे. आतला पडदा तितका उपयोगी पडत नाही.

3. समोरासमोर खिडक्या ठेवल्या आणि वर झरोके पाडले. आपल्याकडे हवा दमट असते. घाम वाळायला वारा खेळता हवा. नागपूरकडे हवा कोरडी, म्हणून तेथे कूलर चालतो. येथे त्याचा फारसा उपयोग नाही.

कुडाची घरे पुन्हा बांधा, असे आम्ही म्हणत नाही. कौले दरवर्षी परतावी लागत, ते कष्ट आम्हीही केले आहेत. स्लॅब जरूर घाला. पण जुन्या घराची अक्कल त्यात घाला.

आता आई पंख्याखाली निजते. ए.सी. आम्ही घेतला नाही.

मंडळी, उन्हाळ्यात एकदा रात्री नऊ वाजता घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून पाहा. भिंत गरम लागली, तर काम कोठून सुरू करायचे ते तुम्हांला कळेल.