आग पार्किंगमध्ये, धूर घराघरात

इमारतीला आग लागते तेव्हा माणसे भाजून मरतात त्याहून अधिक धुराने गुदमरून मरतात. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली ती तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये. जीव गेले ते प्रामुख्याने वर चढलेल्या धुरामुळे.

लाकूड किंवा सुती कापड जळाले तरी विषारी वायू निघतातच, पण आजच्या घरात आणि गाडीत जळण्याजोगे असते ते बहुतांशी प्लास्टिक. सोफ्याच्या व सीटच्या फोममधून कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. वायरींच्या पीव्हीसी वेष्टनातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड डोळ्यांतल्या आणि घशातल्या ओलाव्यात मिसळला की त्याचे आम्ल बनते. टायरची काळी काजळी कर्करोगकारक द्रव्ये वाहून नेते. विजेवरच्या दुचाकीची लिथियम बॅटरी हायड्रोजन फ्लोराइड सोडते, आणि विझल्यासारखी वाटून काही तासांनी पुन्हा पेटू शकते. म्हणून जळालेली गाडी जिन्यापासून आणि इतर वाहनांपासून दूर, उघड्यावरच ठेवावी.

धुराला वर नेणाऱ्या वाटांपैकी दोन: वायरींचा डक्ट आणि जिना. प्रत्येक मजल्यावर डक्टची फट अग्निरोधक भरावाने बुजवलेली नसेल, तर तो धुराडेच होतो. जिन्याचे अग्निरोधक दार हवा यावी म्हणून वीट किंवा कुंडी लावून उघडे ठेवण्याची सवय सोसायट्यांमध्ये सर्रास दिसते. ही सवय जीवघेणी आहे. जिना धुराने भरला असेल तर खाली धावण्याचा मोह आवरावा. घरात आग नसेल तर दार लावून खालच्या फटीत ओला टॉवेल दाबावा, धुराच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीशी थांबावे आणि 101 क्रमांकावर मजला व खोली कळवावी. लिफ्ट वापरू नये. नाकावरचा ओला रुमाल काजळी थोडीफार अडवतो. कार्बन मोनॉक्साइड त्यातून सहज पार होतो. एन-95 मास्कचेही तेच.

खरा धोका ओळखू येत नाही तो आग विझल्यावर. प्रस्तुत लेखकाच्या सोसायटीत पार्किंगमधल्या दुचाकी जळाल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांचे डोके दुखत होते, मळमळत होते. ऑक्सिमीटर 98 दाखवत असल्याने घरचे निर्धास्त होते. रुग्णालयातल्या रक्ततपासणीत कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा निघाली. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक कळत नाही. त्यामुळे धुरात सापडलेल्या माणसाला डोकेदुखी, गुंगी, उलटी किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर यंत्रावरचा आकडा काहीही असो, लगेच मोकळ्या हवेत न्यावे, 108 ची रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांकडे धुराचा उल्लेख आवर्जून करावा. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि दम्याचे वा हृदयाचे रुग्ण यांच्याबाबत लक्षणांची वाट पाहू नये.

शेजारच्या इमारतींनीही धूर ओसरेपर्यंत खिडक्या लावून घ्याव्यात आणि बाहेरची हवा आत ओढणारे पंखे बंद ठेवावेत. धूर गेला की सगळी दारे-खिडक्या उघडावीत.

काजळी केरसुणीने झाडली की ती पुन्हा हवेत उडते आणि फुफ्फुसात जाते. ती ओल्या फडक्याने, हातमोजे आणि एन-95 घालून पुसावी; मुलांना तोवर दुसरीकडे ठेवावे. उघडे राहिलेले अन्न टाकून द्यावे. गच्चीवरच्या टाकीचे झाकण उघडे असल्यास पाणी बदलावे. जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे तडकले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. असे तुकडे फोडू किंवा कोरडे झाडू नयेत. पाणी मारून ओले ठेवावेत आणि महापालिकेला कळवून योग्य रीतीने उचलून घ्यावेत.