विहिरीतला ‘नाग’

प्रश्न : आमच्या शेतातल्या विहिरीत अंगावर चौकडा असलेला एक साप राहतो. परवा मोटारीच्या पाइपाला धरून बसला होता. काठीने हलवल्यावर त्याने चक्क फणा काढला. नाग पाण्यात राहतो का?
– एक वाचक

उत्तर : नाग पोहतो, बेडकांसाठी पाण्याकाठी येतोही, पण पाण्यातच मुक्काम ठोकून राहणारा तुमचा साप विरोळा असावा. यालाच पाणदिवड म्हणतात. निसर्गअभ्यासक श्नायडर यांनी 1799 मध्ये त्याला दिलेल्या ‘पिस्केटर’ या लॅटिन नावाचा अर्थच मासेमार.

आता फण्याविषयी. विरोळा घाबरला की मानेच्या बरगड्या फाकवून मान चपटी करतो आणि पुढचे अंग उचलतो. घाईत पाहणाऱ्याला तो नागच वाटतो. शत्रूने बिचकून मागे सरावे यासाठीच हे सोंग. माणसांच्या बाबतीत मात्र ते त्याच्याच जिवावर बेतते. नाग समजून किती विरोळे ठेचले जातात! त्याच्या डोळ्याखालून आणि डोळ्यामागून तिरक्या जाणाऱ्या दोन काळ्या रेघा ही त्याची चांगली खूण. अंगावरचे खवले मधोमध उंचावलेले असल्याने तो खरखरीत दिसतो.

मासे आणि बेडूक हे त्याचे मुख्य अन्न. विळखा घालून मारणे नाही की विष टोचणे नाही. आत वळलेल्या दातांत पकडायचे आणि जिवंतच गिळायचे. मादी बांधाच्या बिळात, कपारीत अंडी घालते, एका वेळी अनेकदा तीस-चाळीस, कधी त्याहूनही जास्त. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेल्या माद्या पाहण्यात आल्या आहेत.

स्वभाव मात्र तापट. पकडायला गेलात तर कडकडून चावतो, रक्तही येते, पण माणसाला विषबाधा होत नाही. ‘पाण्यात चावलेला साप बाधत नाही’ हा समज बहुधा यामुळेच रूढ झाला असावा. तो धोक्याचा आहे. नागाचे विष पाण्यातही तितकेच मारक. म्हणून साप ओळखू आला असे वाटले तरी चावल्यावर तडक दवाखाना गाठा.

तुमच्या विहिरीतल्या विरोळ्याला राहू द्या. पुढच्या वेळी फणा काढलाच, तर काठी खाली ठेवून चार पावले मागे या. तो आपणहून पाण्यात बुडी मारील.