जुन्या पिकअप गाडीची घरगुती निगा

वसईच्या वाड्यांतील फुले व पालेभाजी पहाटे दादरच्या बाजारी पोहोचावी लागते. जुनी डिझेल पिकअप वाटेत अडली, तर मोगऱ्याची तोड वाया जाते.

अशा खोळंब्याचे एक कारण म्हणजे डिझेलमधील पाणी. पावसाळ्यातील दमट हवेत अर्धवट रिकाम्या टाकीत बाष्पाचे पाणी होते व ते डिझेलच्या तळाशी बसते. यास्तव संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी. आठवड्यातून एकदा, इंजिन बंद व थंड असता, डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी भांड्यात काढावे. निव्वळ डिझेल येऊ लागताच तो आवळावा. फिल्टर बदलल्यावर आत हवा अडकते आणि इंजिन धरत नाही. तेव्हा वरील बाजूचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा व बुडबुडे थांबल्यावर स्क्रू बंद करावा. पुष्कळदा एवढ्यानेच मिस्त्रीची फेरी वाचते.

काळा धूर येत असल्यास प्रथम एअर फिल्टर पाहावा. कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा. व्हॉल्व्हमधील फट फीलर गेजने, गाडीच्या पुस्तिकेतील मापानुसारच ठेवावी. इंजेक्टर मात्र घरी उघडू नयेत. त्यांतील डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

काढलेले जुने ऑइल डब्यात साठवून वर्कशॉपला द्यावे. ते बावखलाच्या काठी ओतू नये. वाडीचे शिंपणे त्याच पाण्यावर होत असते.