ऑब्सिडियन: टिपणांचं जाळं आणि मराठीचं सामान्यरूप

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान (१९२७–१९९८) यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहून खणांत ठेवल्या. चिठ्ठीवर दुसऱ्या चिठ्ठीचा क्रमांक टाकला, की झाला दुवा. ऑब्सिडियन हे ॲप संगणकावर तेच करतं. मजकुरात [[पाणी]] असं दुहेरी चौकटी कंसात लिहा, दुवा तयार. शिवाय 'पाणी' हे टिपण उघडलं की त्याचा उल्लेख करणारी बाकीची टिपणंही बाजूला दिसतात. लुमानना हे उलटे दुवे हातानेच लिहावे लागले असते.

मराठीत मात्र एक गोची आहे. आपण 'पाण्याचा रेणू' लिहितो. ॲपला 'पाण्याचा' म्हणजे 'पाणी' हे कळत नाही. उपाय सोपा आहे: [[पाणी|पाण्याचा]]. उभ्या रेघेआधी टिपणाचं नाव, नंतर वाक्यात हवं ते रूप. थोड्या दिवसांत हात बसतो.

सगळ्या टिपणांचा आलेख दिसायला झकास, पण काही शे टिपणं झाली की नुसतं तारांगण! एका टिपणाभोवतीचा छोटा आलेख खरा कामाचा.

माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं वेगळंच. टिपणं साध्या मजकुराच्या फाइल्स म्हणून तुमच्याच फोल्डरमध्ये राहतात. उद्या ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील. माझी पीएचडीची निम्मी टिपणं ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत, त्याच्या फाइल्स आता दुसरं काहीच उघडत नाही. बॅकअप मात्र इथेही आपला आपणच घ्यायचा.