ई-मेलच्या फोल्डरांचे नामांतर

उद्देश : ई-मेलमधील फोल्डरांची नावे प्रोग्रामद्वारे कशी बदलावीत व तसे करताना जुना पत्रव्यवहार नजरेआड होऊ नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी, हे समजणे.

प्रस्तावना : शाळेच्या दप्तरातील फाइलीवरची चिठ्ठी बदलल्याने आतील कागद बदलत नाहीत. परंतु नोंदवहीत जुनेच नाव राहिले, तर कागद असूनही वेळेवर सापडत नाही. ई-मेलच्या फोल्डरांचेही असेच आहे. एखाददुसरे नाव हाताने बदलता येते. अनेक वर्षांचे पन्नास फोल्डर एका पद्धतीने लावावयाचे असतील, तर ते काम प्रोग्रामकडे सोपविणे सोयीचे.

विवेचन : पत्रे साठविणारा सर्व्हर व ती वाचणारा संगणक यांच्यातील व्यवहार ‘आयमॅप’ या नियमावलीप्रमाणे चालतो. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये ती प्रथम रचली. पायथन या संगणकभाषेत ‘आयमॅपलिब’ ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, मुळातच असते.

कृतिक्रम :

१. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करावी (पोर्ट ९९३) व लॉगिन करावे.

२. ‘लिस्ट’ ही आज्ञा देऊन सर्व फोल्डरांची यादी मिळवावी आणि जपून ठेवावी. पोटफोल्डर दर्शविणारे चिन्ह कोठे तिरकी रेघ, तर कोठे टिंब असते. तेही यादीत दिसते.

३. ‘रीनेम’ या आज्ञेला प्रथम जुने, मग नवे नाव द्यावे. नावात मोकळी जागा असल्यास ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे.

४. उत्तर तपासावे. ‘ओके’ आल्यास काम झाले. ‘नो’ आल्यास झाले नाही. पण तेवढ्याने प्रोग्राम थांबत नाही, म्हणून ही तपासणी प्रोग्राममध्येच लिहावी लागते.

५. शेवटी पुन्हा यादी मागवून पहिल्या यादीशी ताडून पाहावी.

विशेष दक्षता :

(अ) ‘शाळा’ याचे ‘विद्यालय’ केले की ‘शाळा/हजेरी’ हा पोटफोल्डर आपोआप ‘विद्यालय/हजेरी’ होतो. त्याला पुन्हा आज्ञा दिल्यास ‘नो’ असेच उत्तर येते.

(आ) नवे नाव आधीच अस्तित्वात असेल, तर सर्व्हर नकार देतो. दोन फोल्डर या आज्ञेने एकत्र होत नाहीत.

(इ) ‘इनबॉक्स’चे नामांतर केल्यास त्यातील सर्व पत्रे नव्या फोल्डरात जातात व इनबॉक्स रिकामा उरतो. हे पाहून पत्रे नष्ट झाली असे समजू नये.

(ई) कित्येक प्रोग्राम केवळ ‘सबस्क्राइब’ केलेले फोल्डर दाखवितात. नवे नाव त्या यादीत आपोआप येईलच असे नाही. म्हणून नवे नाव सबस्क्राइब करून जुने काढावे. येणारी पत्रे वाटून ठेवणाऱ्या नियमांतही नवे नाव घालावे.

(उ) चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या सुधारणेनुसार चालणाऱ्या सर्व्हरवर देवनागरी नावे विशिष्ट सांकेतिक रूपात लिहावी लागतात. २०२१ च्या दुसऱ्या सुधारणेने सरळ यूटीएफ-८ मान्य केले आहे.

सराव : ‘चाचणी’ नावाचा फोल्डर व त्यात एक पोटफोल्डर तयार करावा. त्यात दोन बिनमहत्त्वाची पत्रे ठेवून वरील पाचही पायऱ्या कराव्यात. पत्रांची संख्या आधी व नंतर मोजावी. ती जुळली, तरच शाळेच्या खऱ्या पत्रव्यवहाराला हात लावावा.